परसांनी मोजलेलं जग

पहिलं वर्षभर मी खेळात मुकी होते.

खेळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण कॉलेजात येईपर्यंत मलाही तो माहीत नव्हता. रविवारी मेसमधलं गोडाचं जेवण झालं की आम्ही काही जण बंद कॅन्टीनबाहेरच्या दगडी टेबलाभोवती बसायचो. एक जण गोष्ट सांगणारा. तो एक जग उभं करतो, त्यात डोंगर, किल्ले, राक्षस, जादूगार असतात. बाकीच्यांनी त्या जगात एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे, आत कुणीतरी घोरतंय, काय करता? मग आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालते. आईला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे बसून घ्यायचं सोंग." तिचं बरोबर होतं.

आमच्यात नावांपेक्षा जिल्हे जास्त चालायचे. माझी रूममेट सांगली. मेकॅनिकलचा एक दांडगा मुलगा नागपूर. मी बीड. गोष्ट सांगणारा आमच्याहून दोन वर्षं पुढचा सीनियर होता, पुण्यातलाच. त्याला सगळे मास्तर म्हणायचे.

मी मुकी का झाले त्याचं कारण साधं आहे. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात मेसमध्ये कुणीतरी माझं ताट उचललं आणि मी म्हणाले, "अवो, ते मपलं ताट हाय." टेबल हसलं. वाईट मनानं नाही हसलं कुणी, हे मला आता कळतं. सगळ्यात जास्त नागपूर हसला, जो स्वतः दिवसभर "जेवून राहिलो", "झोपून राहिलो" करत असतो. पण त्याला त्याच्या बोलण्याची लाज नव्हती. मला मात्र त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायची सवय लागली. वाक्य धुऊन वाळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

सांगलीनं मला ओढत खेळाला नेलं. मास्तरनं विचारलं, तू कोण होणार? मी म्हणाले, तिरंदाज. आणि मुकी.

"मुकी? मग आम्हाला सांगणार कसं?"

"हातानं," मी म्हणाले.

हाताच्या खुणा मला कुठून सुचल्या हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या आईच्या होत्या. माझे आईवडील विहिरी खोदतात. चौसाळ्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव, पण कामं लांबलांब, अगदी आष्टीपर्यंत. विहिरीच्या तोंडाशी यारी बसवलेली असते. यारी म्हणजे खालचा दगड-मुरूम भरलेला डबा दोरावर वर ओढणारं यंत्र. ती चालवणाऱ्याला विहिरीतलं काही दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकूही येत नाही. म्हणून काठावर एक माणूस लागतो, जो खाली बघतो आणि हातानं यारीवाल्याला सांगतो. आमच्या टोळीत ते काम आईचं. मूठ वर म्हणजे थांब. तळहात आकाशाकडे करून हलवला की उचल. जमिनीकडे हलवला की सोड. आणि दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरले की सुरुंग, सगळ्यांनी आडोशाला व्हा. तिच्या हाताखाली माझे वडील आणि चुलते असायचे. तिचा हात चुकला असता तर काय झालं असतं हे मला लहानपणीच कळत होतं, आणि तिचा हात कधी चुकला नाही हेही.

तर माझी तिरंदाज याच खुणा करायची. राक्षस दिसला की मूठ वर. पुढे रस्ता मोकळा असला की उचल. वरून काही कोसळणार असं वाटलं की डोक्यावर हात आडवे. टेबलाला वाटायचं मी त्या मनानंच रचल्या. वर्षभरात सगळ्यांना त्या पाठ झाल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर आमची मोठी गोष्ट संपली. मास्तरनं पिशवीतून एक जाडजूड छापील पुस्तक काढलं. परदेशातून मागवलेलं, त्यात सगळं तयार होतं, नकाशे, राक्षस, खजिना, सगळं. "पुढचं हे घेऊ," तो म्हणाला. "नाहीतर कुणाला स्वतःचं जग रचायचं असेल तर सांगा. एक रविवार देऊ. जमलं तर वर्षभर तेच. नाही जमलं तर हे पुस्तक आहेच."

मी हात वर केला. का केला ते मला नीट सांगता येणार नाही.

"ऐकलं का मास्तर," नागपूर म्हणाला, "मुकी बोलणार आहे."

"कसलं जग?" मास्तरनं विचारलं.

"जमिनीखालचं."

एवढंच म्हणाले आणि खोलीवर येईपर्यंत माझे कान गरम होते. एक अख्खी दुपार आपण बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ते उठून गेले, किंवा त्याहून वाईट म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून बसून राहिले, तर मी पुन्हा मुकी होणार होते, आणि तेव्हा मी ते निवडलेलं नसणार होतं.

पहिलं जग मी मोबाइलवरची चित्रं बघून रचलं. उजळणारे मशरूम, सोन्याचे दरबार, लांब दाढीचे बुटके लोहार, तळाशी झोपलेला अजगर. सांगलीला वाचून दाखवलं. ती पलंगावर आडवी होऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चांगलं हाय गं. पण ह्यातलं सगळं मी कुठंतरी बघितलंय."

"म्हणजे वाईट."

"वाईट कुठं म्हटलं? बघितलंय म्हटलं."

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. दुष्काळ पडला की आमच्या भागात बाकीच्यांची कामं बंद पडतात आणि आमचं सुरू होतं. त्या वर्षी पाऊस अर्धाच झाला होता, गावात टँकर येऊ लागला होता, आणि आई दिवसभर कुठल्या तरी काठावर उभी असायची. तिचा आवाज बसलेला होता. काय करायलीस म्हणाली, तर मी सांगितलं की जमिनीखाली एक गाव वसवतेय.

"गाव? जमिनीत?"

"हो. तिथं माणसं राहतात."

"राहतेत तर खातेत काय?"

सोन्याच्या दरबारात मी कुणाला जेवूच घातलं नव्हतं.

"बरं, खात्याल कायबाय. चूल तर पेटवतेत ना? मंग धूर कुठं जातो?"

"आई, गोष्ट आहे ती."

"गोष्ट हाय म्हनून का माणसं धुरात मारायची?" ती म्हणाली आणि हसली. मग तिला खरंच त्यात रस वाटू लागला. "हवा कुठून येती त्यास्नी? आन् पाणी? पाणी तर खालीच हाय म्हना, पण ते कुणाचं? एकाचं का समद्यांचं?"

"ठरवलं नाही अजून."

"ते आधी ठरीव. बाकीचं मंग." आणि लगेच, "आत शिरतेत कुठून?"

"गुहेतून."

"आपल्याकडं कुठं आलीया गुहा? पेवातून उतरीव की."

पेव म्हणजे जुन्या गावठाणात ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा. वरून माणूस मावेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी जागा. आता कुणी वापरत नाही. आई लहान असताना तिच्या माहेरी होतं. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, आतली हवा कोंडलेली असते. तोंड उघडं ठेवतात, मग कंदील दोरानं खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. लिंबाची डहाळी दोराला बांधून वरखाली हलवतात, हवा घुसळतात, आणि पुन्हा कंदील सोडतात. हे विहिरीलाही करतात. आई मला हे सांगत नव्हती, मला ते माहीतच होतं. फक्त हे माझ्याकडे आहे हे त्या दिवशी कळलं.

मग मी पहिलं जग मोडलं.

नवं जग मी वरून खाली रचलं. काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे टिकावानं फुटणारा मऊ दगड, मग काळा पाषाण, आणि पाषाणाच्या फटीतून येणारा पाझर. प्रत्येक थरात वेगळी वस्ती. मुरमात राहणारे हलके, बडबडे, त्यांची घरं सारखी ढासळतात आणि ते सारखी बांधतात. मांजऱ्यातले गवळी, त्यांची पांढरी आंधळी जनावरं ओल्या भिंतीवरचं शेवाळ खातात. पाषाणातले कमी बोलणारे. आणि सगळ्यांच्या खाली एक तळं. सगळे वरच्या गावाच्या पेवांतून थोडी थोडी ज्वारी नेतात. वरच्यांना वाटतं उंदरांनी खाल्ली.

तळं कुणाचं, हा आईचा प्रश्न मी शेवटी सोडवला. तळं संस्थेचं केलं. यात मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या भागातल्या खोदकाम करणाऱ्या मजुरांची एक सहकारी संस्था आहे. आई तिची सभासद होती, मग बायकांच्या राखीव जागेवर संचालक झाली. पहिल्या सभेत ती काही बोलली नाही. दुसऱ्या सभेत म्हणाली, काठावर उभ्या राहणाऱ्या बाईलाही खाली उतरणाऱ्या गड्याइतकीच मजुरी द्या, दोघांचं काम एकच हाय. मग एकेक हात वर होऊ लागला. सभा गावातल्या लिंबाखाली व्हायची. लहानपणी मला वाटायचं, एवढे सगळे हात वर करून कुठल्या तरी यारीवाल्यालाच इशारा करतायत. मजुरीच्या त्या ठरावाच्या दिवशी मी आईकडे बघत होते. ती कुणाकडेच बघत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तर जमिनीखालीही संस्था. चेअरमन, संचालक, सर्वसाधारण सभा, गवळ्यांची वेगळी दूध डेअरी, आणि डेअरीत दुधाला फॅट लागत नाही, म्हणजे भाव कमी मिळतो, म्हणून रोजची भांडणं.

संकटही मला अजगराचं लागलं नाही. वर दुष्काळ पडला की लोक बोअर घेतात. वरून पाइप येतात, रात्रंदिवस घरघर होते, खालच्यांच्या छतातून लोखंडी टोकं बाहेर येतात, घरांवर दगड पडतात. आवाज एवढा की वरच्या थरांत बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात.

नकाशा मी वहीच्या चार पानांना चिकटवून उभा काढला आणि मास्तरला दाखवायला नेला. त्यानं तो फिरवून आडवा धरला, मग पुन्हा उभा.

"हा नकाशा आहे?"

"हो."

"अगं, खोल्या कुठे आहेत? भिंती? कोण कुठे उभं आहे हे कसं कळणार? नकाशा वरून बघितल्यासारखा काढतात. हे तर केक कापल्यासारखं दिसतंय."

मी बघितलं. खरंच, कुठल्याच वस्तीची लांबी-रुंदी मी काढली नव्हती. कडेला फक्त खोली मांडली होती, तीही परसांत. हात वर करून उभ्या माणसाची जेवढी उंची तेवढा एक परस. आमच्याकडे विहीर याच मापानं सांगतात. मला माझी चूक कळली, आणि तरी तोंडातून गेलं, "मास्तर, विहिरीची रुंदी कोण विचारतं?"

तो हसला नाही. त्यानं नकाशाची घडी घालून मला परत दिली. "रविवारी बघू," तो म्हणाला. "मी या वेळी खेळणार. सुरुवातीलाच कळेल चालतंय का."

रविवारी त्यानं ते जाड पुस्तकही आणलं होतं. ते टेबलावर त्याच्या कोपराशी होतं.

मी सुरुवात केली ती पुस्तकी भाषेत. "तुम्ही एका दुष्काळग्रस्त नगराचे रहिवासी आहात. नगराने तुम्हाला जलाशयाच्या शोधार्थ पाठविले आहे." माझा आवाज मलाच वर्तमानपत्र वाचल्यासारखा वाटत होता. सांगली वैद्य होती, ती पेन्सिलीला टोक करत बसली. नागपूर योद्धा होता, तो फासा उगाचच टेबलावर गरगरवत होता. मास्तरनं नगराच्या पाहणी अधिकाऱ्याचं पात्र घेतलं होतं, बोअर कुठे घ्यायचं हे ठरवणारा. खाली कुणाच्या छतातून बोअर येतंय हे त्याला माहीत नव्हतं.

"जुन्या गावठाणात तुम्हाला एक पेव दिसतं," मी म्हणाले. "तोंडाशी एक कंदील टांगलेला आहे. आणि दोर."

"मी उतरतो," नागपूर म्हणाला.

"कंदील?"

"कशाला? माझ्याकडे तलवार आहे."

"बरं. तू उतरतोस. तळाला पाय लागतो. डोकं जड होतंय. गुडघे वाकतायत."

फासा थांबला. "कोण मारून राहिलं मला?"

"कुणी नाही."

"कोणी तर असेलच ना. अदृश्य राक्षस आहे का?"

"हवा आहे."

"मी हवेला मारतो." त्यानं फासा टाकला. वीस आला. सगळे ओरडले. मी म्हणाले, "तुझा घाव हवेला बरोबर लागला. तलवार भिंतीत अडकली. आता तुला श्वास घेता येत नाहीये."

सांगलीनं पेन्सिल खाली ठेवली. "थांब की गं. कंदील उगंच टांगला नव्हता तिथं. आधी ह्या मुडद्याला वर ओढा."

त्याला वर ओढलं. कंदील खाली सोडला, तो विझला. मी पुढचं सांगणार होते, ते लिहून आणलं होतं, पण सांगली उठून उभी राहिली होती. "आत हवा कोंडलीय. ती हलवायला पायजे. कशानं हलवू? नागपूर, तुझा झगा काढ."

"झगा का बरं?"

"दोराला बांधून आत वरखाली करायचा."

मी लिंबाची डहाळी म्हणाले असते, तिनं झगा म्हटलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या गावाकडे पेवं होती का कोण जाणे, विचारलं नाही. कंदील पुन्हा सोडला आणि तो जळत राहिला. नागपूरनं टाळी दिली तिला. तेव्हापासून फासा कुणी उगाच फिरवला नाही.

पेवाच्या तळातून ते मुरमात उतरले. मी घरघर सांगितली, इतकी की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. अंधारातून एक पहारेकरी पुढे आला. इथे मला मोठी अडचण वाटत होती. पहारेकरी हातानं बोलणार, पण त्या जुन्या खुणा यांच्या लक्षात असतील का? मी एक पान भरून खुणांचे अर्थ लिहून आणले होते, वाटायला. पण पान काढायच्या आत, सवयीनं, मी नुसती मूठ वर केली.

"थांबा म्हणतोय," नागपूर लगेच म्हणाला.

मी तळहात जमिनीकडे करून हलवला.

"दोर सोडा," सांगली म्हणाली. "खाली सोडा म्हणतोय."

मग मी दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. कुणी अर्थ सांगितला नाही. तिघांनीही एकदम माना खाली घातल्या आणि डोक्यावर हात घेतले, मास्तरनंसुद्धा. कॅन्टीनच्या पायरीवर बसलेला वॉचमन आमच्याकडे बघू लागला. मी सांगितलं की वरून बोअरचं टोक छत फोडून आलं आणि दगड तुमच्या शेजारी पडला. खुणेमुळे तुम्ही वाचलात.

मास्तरनं डोकं वर केलं. जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ती मुकी तिरंदाज इथली होती," तो म्हणाला. "वर्षभर आम्ही जिच्याबरोबर हिंडलो ती."

खरं सांगायचं तर हे मी रचलं नव्हतं. मला खुणा म्हणजे फक्त विहिरीच्या खुणा वाटत होत्या. पण त्यानं म्हणताच ते इतकं बरोबर बसलं की मी म्हणाले, "हो. इथलीच."

वाटायचं पान मी पाण्याच्या बाटलीखाली ठेवून दिलं.

त्यानंतर मी वाक्यं धुऊन घेतली नाहीत. पाषाणाच्या थरात, जिथे घरघर ऐकू येत नाही, तिथे त्यांना संस्थेची चेअरमन भेटली, एक म्हातारी बाई. तिला पुस्तकी मराठीत बोलायला लावणं मला जमेचना. ती म्हणाली, "तुमी वरचे. कावून आलात?"

कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण पुढे.

"पाणी पाहिजे आजी," नागपूर म्हणाला. "गाव मरून राहिलं आमचं."

"पाणी लई हाय. पण सभासदालाच मिळतं."

"मग करा सभासद. शेअर केवढ्याचा?"

"पैशाचा न्हाई. एक परस खोदून द्यायचं. आन् सभेनं हात वर करायचे."

"आणि आम्ही तलवार काढली तर?"

"काढा की. आधी ठराव मांडा. सूचक कोन, अनुमोदक कोन?"

इथे हसले. नागपूर मागे रेलून हसला आणि म्हणाला, "मास्तर, हे लय डेंजर लोक आहेत." पण त्यानं ठराव मांडला. सांगली अनुमोदक झाली नाही, त्यामुळे तलवार म्यानातच राहिली. मग त्यानं गवळ्यांना फोडायचा प्रयत्न केला, तुमच्या दुधाला फॅट लावून देतो म्हणाला. डेअरीच्या संचालकांनी त्याच्या पॅनलमध्ये यायचं कबूल केलं. सांगलीनं मुरमातल्या बडबड्यांना आपल्या बाजूला घेतलं. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तरी जमिनीखाली सर्वसाधारण सभा चालूच होती. एकाही राक्षसाला अजून खरचटलं नव्हतं.

सभेत शेवटी म्हातारीनं मास्तरच्या अधिकाऱ्याकडे बोट केलं. "ह्यो बोलंना कावून?"

मास्तर बोलत नव्हता हे खरं. आपल्या पात्रानं वर आखलेल्या बोअरच्या जागा त्यानं सुरुवातीलाच एका कागदावर मांडल्या होत्या. तो कागद आता त्यानं माझ्या उभ्या नकाशाशेजारी ठेवला आणि बोट वरून खाली आणत गेला. काळी माती, मुरूम, मांजऱ्या. त्याचं बोट गवळ्यांच्या वस्तीवर थांबलं.

"माझं बोअर यांच्या घरात येतंय," तो म्हणाला. अधिकाऱ्याच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "आडव्या नकाशात हे दिसलंच नसतं."

मग त्याच्या अधिकाऱ्यानं सभेपुढे सांगितलं की बोअर तो बंद करेल, पण वरच्या गावाला सभासद करून घ्या, खोदायला गाव येईल. मी सभेला विचारलं. सभा म्हणजे मीच होते, पण मी एकटीनं ठरवलं नाही. मी मुरमाचे हात वर केले, पाषाणाचे केले, आणि गवळ्यांवर अडले. ज्यांची छतं फुटली त्यांचे हात मी इतक्या सहज वर करू शकत नव्हते.

"फासा टाका," मी मास्तरला म्हणाले.

त्यानं टाकला. आकडा फार मोठा नव्हता. पण पुरेसा होता.

वॉचमन किल्ल्या वाजवू लागला तेव्हा आम्ही थांबलो. मास्तरनं पसारा आवरला. मग कोपराशी असलेलं ते जाड पुस्तक उचललं, थोडं हातात धरलं आणि पिशवीत टाकलं. "तर ठराव असा," तो म्हणाला, "की वर्षभर जमिनीखाली राहायचं."

"सूचक तूच का?" सांगलीनं विचारलं.

"मीच."

"अनुमोदक मी," नागपूर म्हणाला. "पण कुठंतरी एक राक्षस टाक बापा. छोटा चालेल."

त्यांनी हात वर केले. मस्करीत केले होते, हे मला ठाऊक आहे. पण हात वर करून कुणी बसलं की माझ्या डोळ्यांपुढे लिंबाखालची सभा येते. मला आता कळलं की त्या दिवशी आई पदराचं टोक का गुंडाळत होती. मी ओढणीचं टोक गुंडाळत होते.

आईला फोन केला. ती नुकतीच कामावरून आली होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"ऐकलं का त्यानी?"

"ऐकलं. शेवटपर्यंत."

"मधीच उठून गेलं का कुनी?"

"न्हाई," मी म्हणाले. "आन् आई, त्यास्नी तुझ्या खुणा येतेत. समद्यांना."

"मपल्या?" तिला पटेना. मी तिला सगळं सांगितलं. मूठ वर केल्यावर नागपूर कसा थांबला, सुरुंगाला कशा सगळ्यांनी माना घातल्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यास्नी सांगितलंस का, ही मपल्या आईची खूण हाय म्हनून?"

"पुढच्या रविवारी सांगते."

"सांग." मग तिला आठवण झाली. "आन् धुराचं काय केलंस?"

ते मी केलं होतं. वर जी बोअरं कोरडी गेली, ज्यांच्या तोंडावर लोकांनी दगड ठेवून दिले, त्या भोकांतून खालचा धूर वर जातो. मी तिला तसं सांगितलं. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मंग वरच्या बायांना भाकरीचा वास येत असंल," ती म्हणाली. "कोरड्या बोअरपाशी."

हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी गोष्ट मी तिथूनच सुरू केली: दुष्काळातलं गाव, कोरडं बोअर, आणि त्याच्या तोंडाशी वाकून वास घेणारी एक बाई. आणि सुरू करायच्या आधी मी टेबलाला सांगितलं की ही जागा माझ्या आईनं सांगितलीय, आणि हाताच्या खुणाही तिच्याच आहेत. नागपूरनं मूठ वर करून मला थांबवलं. "काकू काय करतात?" त्यानं विचारलं.

"विहिरी खोदतेत," मी म्हणाले, आणि पुढे गेले.